सिकुली आली की आले?

काही वर्षांपूर्वी एका लहानशा कोशाची मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्यातल्या एका प्रकरणात भूमध्य समुद्राच्या काठावरच्या आणि बेटांवरच्या प्राचीन लोकांच्या नोंदी होत्या. एका नोंदीचे पहिले वाक्य असे होते : ‘सिकुली इटलीतून सिसिलीत आले.’ मी लाल पेनाने ‘आले’ खोडून ‘आली’ केले. सिकुली हा शब्द माझ्या कानाला चकली, टिकली, डहाळी यांच्या घराण्यातला वाटला. ती एखादी जमात असणार, आणि जमात येते, ती ‘आली’च असणार. पुढच्या पाचसहा पानांवर ‘सिकेल’ अशी आणखी एक नोंद होती. तिच्यातला मजकूर बराचसा ओळखीचा वाटला, पण शेजारशेजारच्या दोन जमातींचे चरित्र सारखे असू शकते, अशी स्वतःची समजूत घालून मी तीही तशीच पुढे पाठवली.

पुस्तक छापून आल्यानंतर एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. अक्षर बारीक, सूर अतिशय सभ्य. त्यांनी कळवले होते की सिकुली आणि सिकेल हे एकच लोक आहेत, पहिले त्यांचे लॅटिन नाव आहे आणि दुसरे ग्रीक नावावरून आलेले आहे. शिवाय ‘सिकुली’ हे पुल्लिंगी अनेकवचन असून त्याचे एकवचन ‘सिकुलुस’ असे होते, तेव्हा ‘आली’ हे क्रियापद पाहून अंमळ गंमत वाटली. ‘अंमळ गंमत’ हे शब्द मला अजून आठवतात. एका अख्ख्या लोकसमूहाला मी एका फटक्यात स्त्रीलिंगी एकवचन करून टाकले होते, आणि वर त्याचे दोन तुकडेही केले होते. ओशाळले तर होतेच, पण त्या दिवसापासून या लोकांच्या नावाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

प्रथम त्या नावाविषयीच सांगते, कारण माझी गल्लत तिथेच झाली होती. ग्रीक लोक या माणसांना ‘सिकेलोई’ म्हणत, एकट्या माणसाला ‘सिकेलोस’, आणि बेटाला ‘सिकेलिया’. लॅटिनमध्ये माणूस ‘सिकुलुस’ होतो, पण बेट ‘सिकिलिया’ होते. (आपण आज ‘सिसिली’त दुसरा ‘स’ म्हणतो तो वर्ण जुन्या लॅटिनमध्ये ‘क’च उच्चारला जाई.) एकाच मुळातला ‘के’ माणसाच्या नावात ‘कु’ झाला आणि त्याच माणसाच्या देशाच्या नावात ‘कि’ झाला, हे पाहून मला आधी कोणा लेखनिकाचा हात सुटला असेल असे वाटले. तसे मुळीच नव्हते. जुन्या लॅटिनमध्ये शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर असे आणि त्यामुळे मधले ऱ्हस्व स्वर दबून बदलत. ते कशात बदलायचे हे पुढचा ‘ल’ ठरवत असे, कारण लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडात ‘ल’ दोन प्रकारचा होता. पुढे ‘इ’ आला तर तो पातळ, दातांजवळचा. इतर बहुतेक ठिकाणी जाड, जिभेचा मागचा भाग उचलून काढलेला. जाड ‘ल’ने आधीच्या स्वराला ‘उ’कडे ओढले, पातळ ‘ल’ने ‘इ’कडे जाऊ दिले. म्हणून सिकुलुस, पण सिकिलिया. म्हणूनच नोकराला ‘फामुलुस’ म्हणणाऱ्या भाषेत घरच्या सगळ्या परिवाराला ‘फामिलिया’ म्हणत, आणि ‘एकदम’ या अर्थी ‘सिमुल’ असताना ‘सारखा’ या अर्थी ‘सिमिलिस’ होते.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. आपला ‘ळ’ हा लॅटिनचा जाड ‘ल’ नव्हे. त्याची जागाच वेगळी, तो मूर्धन्य आहे. पण ‘ल’ एकच नसतो, आणि काल म्हणावे की काळ यावर सगळा अर्थ अवलंबून असतो, हे आपल्याला पाळण्यापासून ठाऊक असते. या स्वरबदलातून एक गोष्ट निघते, ती मला महत्त्वाची वाटते. हे नाव लॅटिन लोकांनी पुस्तकातून उचललेले नाही. पुस्तकी नावे जशीच्या तशी राहतात. हे नाव इतके आधीपासून त्यांच्या बोलण्यात होते की त्यांच्या जिभेने ते घडवून, घासून आपले करून घेतले. शेजाऱ्याचे नाव जसे आपण आपल्या पद्धतीने हाक मारून वापरतो, तसे.

आता हे लोक आले कुठून, हा दुसरा प्रश्न. याची सर्वांत नेटकी हकिकत थुसिडिडिस या ग्रीक इतिहासकाराने दिलेली आहे. इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सने सिसिलीवर जे प्रचंड आरमार पाठवले त्याची कथा सांगण्याआधी, आपण कोणत्या भूमीवर चालून जात आहोत याची अथेन्सकरांना काहीच कल्पना नव्हती असे बजावून, तो बेटावरच्या जुन्या रहिवाशांची ओळख करून देतो. पश्चिमेकडे सिकानी, जे स्वतःला इथलेच समजत, पण त्याच्या मते आयबेरियातून आलेले. त्यांच्या नावावरून बेटाला सिकानिया म्हणत. एरिक्स आणि एगेस्ता या नगरांत एलिमी, म्हणजे ट्रॉयच्या पाडावातून निसटलेले लोक. आणि मग सिकेल. ते इटलीत राहत होते, ओपिकी लोकांनी त्यांना हुसकावले, तेव्हा ते सामुद्रधुनी ओलांडून आले. कसे आले? थुसिडिडिस लिहितो की तराफ्यांवरून, वारा खाडीतून योग्य बाजूला वाहायची वाट पाहून, असे सांगतात आणि ते संभवनीयही दिसते. किंवा आणखी कोणत्या मार्गानेही आले असतील. ग्रीक लोक येण्याआधी सुमारे ३०० वर्षे हे घडले, असे तो म्हणतो. सिसिलीतली पहिली ग्रीक वसाहत नॅक्सोस परंपरेने इ.स.पू. ७३४ ची मानली जाते, तेव्हा त्याचा हिशोब अकराव्या शतकापर्यंत जातो.

मेसिनाची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम ३ किलोमीटर आहे. इकडच्या काठावरून तिकडचा काठ स्पष्ट दिसतो. तरी ते पाणी प्रवाहांचे आणि भोवऱ्यांचे; ग्रीकांनी आपले सिल्ला आणि खारिब्दिस हे दोन राक्षस तिथेच बसवले. बायकापोरे, गुरे आणि बियाणे तराफ्यावर चढवून, पाण्याकडे पाहत वाऱ्याची वाट धरून बसलेली माणसे, एवढे चित्र त्या रोखठोक इतिहासकाराने अर्ध्या वाक्यात उभे केले आहे. माझा सगळा विश्वास त्या ‘वाट पाहून’वर बसला. अशी तपशिलाची गोष्ट लोकांच्या आठवणीतून येते, निदान तशी ती वाटते.

इतरांची मते मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. हेलानिकस या ग्रीक लेखकाच्या मते हे लोक ट्रोजन युद्धाच्या तीन पिढ्या आधी आले. फिलिस्तस हा सिसिलीतल्या सिराक्यूज या ग्रीक नगराचाच इतिहासकार. तो म्हणतो युद्धाच्या ८० वर्षे आधी, आणि आलेले लोक मुळात लिगुरियन होते, त्यांचा पुढारी सिकेलोस नावाचा, म्हणून ते सिकेल. सिराक्यूजच्याच अँटिओकसने तर सिकेलोस हा रोममधून परागंदा झालेला गृहस्थ होता असे सांगून ठेवले आहे, आणि हे रोमच्या स्थापनेच्या कितीतरी आधीचे! हालिकार्नाससचा ग्रीक इतिहासकार डायोनिसियस ही मते मन लावून नोंदवतो आणि या रोमपाशी येऊन अडखळतो. त्याच डायोनिसियसच्या मते रोम जिथे पुढे उभे राहिले त्या जागेचे सर्वांत जुने रहिवासीही सिकेलच होते. थुसिडिडिस आणखी एक सांगतो : त्याच्या काळातही इटलीत सिकेल शिल्लक होते, आणि इटली हे नावच इटालोस नावाच्या एका सिकेल राजावरून पडले.

या सिकेलोस, इटालोस मंडळींवर माझा काडीचा विश्वास नाही. लोकांचे नाव आधी असते, राजा मागाहून त्यात बसवला जातो. नाशिकला शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नाशिक, हे ऐकत आपण वाढलो. नावाला गोष्ट चिकटवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही, मग तो गोदाकाठचा असो की ग्रीसमधल्या अल्फिओस नदीच्या काठचा. तरी या सगळ्या गोंधळात एक धागा टिकून राहतो : प्रत्येकजण या लोकांना इटलीतून आणतो, आणि काहीजण रोमच्या आसपास त्यांची आठवण शिल्लक ठेवतात.

तो धागा रोमनांनाही दिसला होता. इ.स.पू. पहिल्या शतकातला वार्रो हा विद्वान लॅटिन शब्दांच्या व्युत्पत्ती लावताना वरचेवर सिसिलीकडे वळतो. उसने दिलेले, परत घ्यायचे, ते लॅटिनमध्ये ‘मुतुउम’; तो सांगतो की सिसिलीतले लोक त्याला ‘मोइतोन’ म्हणतात, आणि दाखल्यादाखल सिराक्यूजच्या सोफ्रोन या लेखकाची एक ओळ देतो. सिसिलीतल्या ग्रीकांनी हा शब्द सिकेलांकडून उचलला की इटलीच्या व्यापाऱ्यांकडून, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. उसनवारी हा व्यवहारच असा आहे की त्याचे शब्द सीमेवर थांबत नाहीत.

असाच आणखी एक शब्द आहे आणि तो रोज सकाळी आपल्या दारात येतो. सिसिलीतल्या ग्रीकांचे एक वजन आणि त्या वजनाचे चांदीचे नाणे ‘लित्रा’ या नावाचे होते. हा शब्द अस्सल ग्रीक नाही. तो लॅटिनच्या ‘लिब्रा’चा सख्खा भाऊ आहे, दोघेही इटलीच्या बाजूच्या एकाच जुन्या शब्दातून निघालेले, आणि ग्रीकांना तो भेटला सिसिलीत. तिथून तो सगळ्या ग्रीक जगात गेला, मध्ययुगीन लॅटिनमध्ये शिरला, फ्रेंचांनी अठराव्या शतकाच्या शेवटी नवी मापे ठरवताना त्याच्या वंशजाला नवा अर्थ दिला, आणि तो झाला लिटर. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी कात्रीने कापताना मला हल्ली उगाच त्या बेटाची आठवण होते.

वार्रोच्या उलट दिशेला, म्हणजे फार मागे, आणखी एक साक्ष उभी आहे. इजिप्तचा फारो मर्नेप्ताह याच्या पाचव्या वर्षी, इ.स.पू. १२०७ च्या सुमारास, लिबियातून एक मोठे आक्रमण झाले आणि त्यात समुद्राकडून आलेल्या टोळ्यांचा भरणा होता. कार्नाकच्या भिंतीवर त्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत ‘शेकेलेश’ हे एक आहे. तीस वर्षांनी तिसऱ्या रामसेसच्या मेदिनेत हाबूच्या लेखात हेच नाव पुन्हा येते. कार्नाकच्या लेखात मेलेल्या शेकेलेशांचा आकडाही आहे : माणसे २२२, हात २५०. रणांगणावर शत्रूचे मेलेले सैनिक मोजण्यासाठी त्यांचे हात कापून आणून रचत. २२२ माणसांचे २५० हात कसे भरले हे विचारायला आता कोणी नाही. कारकुनाच्या दोन रांगांची बेरीज जुळत नाही आणि तीन हजार वर्षे ती तशीच दगडात राहिली आहे. मुद्रिते तपासणाऱ्या माणसाला त्यातले दुःख कळते.

हे शेकेलेश म्हणजेच सिकेल का? पुष्कळांनी तसे मानले आहे. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारित या प्राचीन नगराच्या दप्तरातल्या एका पत्रातही हित्ती राजा ‘शिकिला’ लोकांविषयी चौकशी करतो, जे ‘जहाजांवर राहतात’. पण इजिप्ती लिपीत स्वर लिहीत नाहीत आणि ‘ल’ला स्वतंत्र चिन्ह नाही, तेव्हा जुळतात ती तीनचार व्यंजने. जुळली तरी हे लोक तेव्हा सिसिलीतून निघालेले होते की अजून सिसिलीकडे निघायचे होते, हे त्या भिंतीवरून समजत नाही. मला हे समीकरण मोहात पाडते, म्हणूनच मी त्यापासून चार हात लांब राहते. नावांच्या नुसत्या वेगळेपणावर विसंबून मी एकदा दोन जमाती केल्या होत्या; आता दोनाची एक करायला मन धजत नाही.

त्यापेक्षा होमरच्या ‘ओडिसी’तली साक्ष साधी आहे आणि ती जिव्हारी लागते. वीसाव्या सर्गात ओडिसियसची बायको पिनेलपी हिचे माजोरी वरइच्छुक तिच्या मुलाला सल्ला देतात की हे आगंतुक पाहुणे जहाजात घालून सिकेलांकडे पाठवून दे, बरी किंमत येईल. म्हणजे ग्रीकांच्या लेखी हे समुद्रापलीकडचे गिऱ्हाईक होते. आणि चोविसाव्या सर्गात गुलामांचा बाजार उलट दिशेनेही चालत होता हे दिसते. ओडिसियसचा म्हातारा बाप लाएर्तेस गावाबाहेर मळ्यात एकटा पडलेला असतो, आणि त्याची देखभाल करते एक म्हातारी सिकेल बाई. मुलगा परत आल्यावर तीच त्या म्हाताऱ्याला आंघोळ घालते, तेल लावते, चांगले वस्त्र अंगावर पांघरते. शेतावरच्या गड्यांना, जी तिचीच मुले आहेत, हाक मारून जेवायला बोलावते. तिच्या नवऱ्याचे नाव कवीने दिले आहे. तिचे दिलेले नाही. तिला तिच्या जातीचे नाव हेच नाव आहे.

त्यांच्या स्वतःच्या भूमीवर त्यांच्या खुणा शोधायच्या तर सिराक्यूजच्या मागच्या डोंगराळ भागात पान्तालिका इथे जावे लागते. मी छायाचित्रांतूनच पाहिले आहे. आनापो नदीने चुनखडीत खोल कापलेल्या दऱ्या, आणि त्यांच्या उभ्या भिंतींत कोरलेली ५,००० हून अधिक थडगी, बहुतेक इ.स.पू. तेराव्या ते सातव्या शतकातली. सह्याद्रीत लेणी पाहिलेल्या डोळ्याला दुरून वाटते की हाही एखादा विहारच असावा. पण जवळून पाहिले तर दारे लहान चौकोनी, वाकूनच आत शिरता येईल एवढी; ही जिवंत माणसांसाठी नव्हती. आत एका कुटुंबातली माणसे पिढ्यान्पिढ्या ठेवली जात, सोबत मातीची भांडी आणि काशाचे सुरे. १८८८ मध्ये सिराक्यूजला आलेल्या पाओलो ओर्सी या उत्तरेकडच्या पुरातत्त्वज्ञाने पुढच्या दशकात इथे उत्खनने केली आणि बेटाच्या इतिहासपूर्व काळाला ‘सिकुल’ कालखंडांत विभागले. त्यांची ती विभागणी आता तशी वापरत नाहीत, कारण मडक्यांच्या थरावर लोकांचे नाव चिकटवणे सोपे असते आणि ते तिथून सोलून काढणे फार कठीण. पण पूर्व सिसिलीच्या मातीला प्राचीन ग्रंथांशी प्रथम जोडून दाखवले ते ओर्सी यांनीच.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्या वस्तूपाशी घालवला, ती इतकी लहान आहे की हातात मावावी. केन्तुरिपे या गावी १८२४ साली मिळालेले चोचीचे एक बुटके मातीचे भांडे, सध्या जर्मनीत कार्ल्सरूहच्या संग्रहालयात आहे. त्याच्यावर ९९ अक्षरे आहेत. लिपी ग्रीक, पण भाषा ग्रीक नाही. शब्द तोडलेले नाहीत. एका दमात लिहिलेले आहे. देवनागरीत उतरवून पाहिले तर सुरुवात अशी दिसते : नुनुस्तेन्तिमिमारुस्ताइनामिएमितोमेस्तिदुरोम्नानेपोस… हे मोठ्याने वाचून पाहावे. कुठेतरी ‘एस्ति’ ऐकू येते आणि संस्कृत ‘अस्ति’ची, लॅटिन ‘एस्त’ची आठवण होते. ‘दुरोम’ थोड्या अंतराने पुन्हा येते, म्हणजे तो एक शब्द असावा. ‘नेपोस’ हा लॅटिनमधला नातू आहे की काय, असे वाटते. पण तोड एक अक्षर अलीकडे किंवा पलीकडे केली की नातू नाहीसा होतो. पंडितांनी या ओळीचे अनेक अर्थ लावले आहेत आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. मजकूर न तोडता आलेले मुद्रित कसे दिसते हे मला माहीत आहे. फक्त माझ्याकडे मूळ हस्तलिखित मागवायची सोय असते.

एटनाच्या उतारावर आद्रानोजवळ मेन्दोलितो या जागी एका नगराच्या वेशीवर आणखी एक लेख सापडला. त्यात ‘तेउतो’ किंवा ‘तोउतो’ असे वाचतात तो शब्द इटलीच्या ओस्कन भाषेत ‘लोक’, ‘समाज’ या अर्थी येतो. वेशीवर कोरावा असा तो शब्द. आणि मग ‘पिबे’. सिकेल भाषेतल्या मोजक्या खात्रीच्या शब्दांपैकी हा एक : आज्ञार्थ, एकवचन, ‘पी’. लॅटिनमध्ये ‘बिबे’, संस्कृतात ‘पिब’. मराठीने शेवटचा ‘ब’ टाकून दिला, सिकेलांनी ठेवला. त्यांची भाषा आपल्याच मोठ्या घराण्यातली होती याला यापेक्षा भक्कम पुरावा लागत नाही. आणि वार्रोला लॅटिनशी नाते दिसले ते अगदीच हवेत नव्हते. त्या लोकांच्या तोंडून निघालेले, अर्थासह माझ्यापर्यंत पोहोचलेले बोलणे एवढेच. राजाचे नाही, देवाचे नाही. कोणीतरी पाहुण्यापुढे पेला सरकवतो आहे.

एकदाच हे लोक एकत्र उभे राहिले. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्याला दुकेतियस नावाच्या पुढाऱ्याने हिब्ला सोडून सगळी सिकेल गावे एका संघात आणली, मेनाइनोन वसवले, मोर्गान्तिना घेतले, आणि पालिकी या जुळ्या देवांच्या स्थानाशेजारी पालिके नावाची राजधानी उभारली. पालिकींचे स्थान म्हणजे एक तळे होते, ज्यातून जमिनीतला वायू उसळून पाणी सतत उकळल्यासारखे दिसे. तिथे शपथ घ्यायची. खोटी घेतली तर डोळे जातात असा समज. जुलमी धन्याकडून पळालेल्या गुलामाला तिथे आसरा मिळे, आणि त्याला चांगले वागवण्याची शपथ घेतल्याखेरीज धन्याला त्याला परत नेता येत नसे. सिसिलीत आलेल्या एस्किलस या ग्रीक नाटककाराने या देवांचे नाव ग्रीक ‘पालिन’, म्हणजे ‘पुन्हा’, यावरून लावून दिले : जमिनीतून पुन्हा वर आलेले. परक्या देवाचे नाव आपल्या भाषेत फोडून दाखवले की तो देव निम्मा आपला होतो. तिथला वायू पुढे कारखानदारीसाठी काढला जाऊ लागला आणि तळे दिसेनासे झाले.

इ.स.पू. ४५० मध्ये सिराक्यूजने दुकेतियसला हरवले. सोबती पांगले, उरलेले त्याला पकडून देण्याच्या बेतात होते. तेव्हा तो रात्री घोड्यावर बसून थेट शत्रूच्या शहरात गेला आणि चौकातल्या वेदीपाशी शरणार्थी म्हणून बसला. सकाळी लोक जमले ते त्याला पाहायलाच. सभा भरली, मारावे असे म्हणणारे होते, पण वयस्क लोकांनी शरण आलेल्याला हात लावू नये असे सांगितले, आणि त्याला खर्चाची सोय करून देऊन कोरिंथला धाडून दिले. तो तिथे फार दिवस थांबला नाही. परतून त्याने उत्तर किनाऱ्यावर काले आक्ते नावाचे गाव वसवले आणि इ.स.पू. ४४० मध्ये आजारपणात गेला. नंतर सिराक्यूजने उरलेली सिकेल गावे एकेक करून पायाखाली घातली.

ही सारी हकिकत आपल्याला सांगतो तो दिओदोरस. तो आगिरियमचा, म्हणजे बेटाच्या पोटातल्या एका जुन्या सिकेल गावचा. त्याने ग्रीकमध्ये लिहिले. बेटावर रोमनांचा राबता असल्याने आपल्याला लॅटिनही चांगली येते असे तो सांगतो. सिकेल बोलण्याविषयी तो स्वतःबाबत काही म्हणत नाही. त्याच्या काळी ती भाषा बोलायला कोणी राहिले नसावे. बेटावरच्या जुन्या लोकांविषयी त्याने एक वाक्य लिहिले आहे, आणि ते मी किती वेळा वाचले याला गणती नाही : ग्रीक मोठ्या संख्येने येऊन राहिले, त्यांच्या संगतीने या लोकांनी त्यांची भाषा आणि वळण घेतले, आणि शेवटी आपल्या रानटी बोलीबरोबर आपले नावही बदलून ते ‘सिकेलिओताइ’ म्हणवले जाऊ लागले. ग्रीक भाषेत हा भेद होता. सिकेलोई म्हणजे मूळचे, सिकेलिओताइ म्हणजे बेटावर वसलेले ग्रीक. जुने लोक नव्यांत मिसळले आणि जुने नाव रिकामे झाले.

लॅटिनने हा भेद ठेवला नाही. इ.स.पू. २४१ नंतर बेट रोमच्या ताब्यात गेले, आणि इ.स.पू. ७० मध्ये वेर्रेस या लुटारू सुभेदारावर सिसरोने खटला चालवला, तेव्हा ज्यांची फिर्याद तो मांडत होता त्या सगळ्यांना तो ‘सिकुली’च म्हणतो : ग्रीक बोलणारे, ग्रीक नावांचे, पश्चिमेचे आणि पूर्वेचेही. ज्यांनी सिकेलांच्या भाषेला आणि गावांना गिळले त्यांच्या वंशजांना सिकेलांचेच नाव मिळाले, कारण रोममध्ये फार पूर्वीपासून त्या दिशेच्या माणसाला तेच नाव होते. पुढे मध्ययुगात हे नाव आणखी भटकले. ट्रान्सिल्व्हेनियातल्या सेकेय लोकांना लॅटिन कागदपत्रांत ‘सिकुली’च लिहिलेले आढळते, आणि त्यांचा त्या बेटाशी काहीच संबंध नाही, फक्त आवाज जवळचा होता.

आणि तो आगिरियमचा इतिहासकार, ज्याने आपल्या लोकांचे नाव गेले असे लिहून ठेवले, त्याला जग लॅटिन नावानेच ओळखते : दिओदोरस सिकुलुस.

कोशाची दुसरी आवृत्ती निघाली नाही. माझ्या प्रतीत मी ‘आली’ पुन्हा पेन्सिलने ‘आले’ केले आहे, आणि सिकेलच्या नोंदीवर काट मारून ‘पाहा : सिकुली’ असे लिहिले आहे. त्याच प्रकरणात पुढे दिओदोरसची नोंद येते, ‘ग्रीक इतिहासकार’ या शब्दांनी सुरू होणारी. तिच्यावर पेन्सिल टेकवून मी बराच वेळ बसले, आणि ती तशीच राहू दिली.